परक्याने आपल्या नावावर काढलेले कर्ज : तोतयाकडून भरपाई मिळविण्याचे मार्ग

रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास गावोगावचे खातेदार पीककर्जासाठी सोसायटीच्या आणि बँकेच्या दारात उभे असतात. सात-बारा व आठ-अ यांचे उतारे, इतर संस्थांचे बेबाकी दाखले, आधारपत्राची छायाप्रत असा कागदांचा जुडगा घेऊन गेलेल्या एखाद्या खातेदारास असे उत्तर मिळते की, त्याच्या नावावर दुसऱ्या एका संस्थेचे कर्ज थकलेले आहे, सबब नवे कर्ज देता येत नाही. खातेदार चकित होतो. त्या संस्थेची पायरीही त्याने कधी चढलेली नसते. चौकशी करता असे उघडकीस येते की, कोणा तोतयाने त्याचे नाव, त्याचे आधारपत्र व त्याच्या जमिनीचे उतारे पुढे करून, स्वतःचे छायाचित्र चिकटवून वा त्याची खोटी सही ठोकून कर्ज उचलले व तो परागंदा झाला आहे.

तोतयेगिरी आपल्या मुलखाला नवीन नाही. पानिपतच्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन उभा राहिलेला तोतया १७७६ साली पुण्यात देहदंड पावला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या तोतयास निदान चेहरेपट्टी जुळवावी लागली होती. आजच्या तोतयास एक छायाप्रत आणि एक भ्रमणध्वनी पुरतो. झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेली प्रत, सेवा केंद्रात अर्ज भरताना सांगितलेला सांकेतिक क्रमांक, अनुदान आले असे सांगून यंत्रावर दोनदा उठवून घेतलेला अंगठा, ही त्याची हत्यारे होत. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे एक रुपयात पीक विमा देण्याची योजना होती. तिच्यातही परक्याच्या जमिनीवर परस्पर अर्ज भरल्याची प्रकरणे उघडकीस आली आणि खऱ्या खातेदारास आपल्या शेताचा विमा आधीच उतरविला गेल्याचे कळून चुकले.

अशा प्रसंगी गुन्हेगारास शिक्षा कशी होईल याचीच चर्चा गावात अधिक होते. परंतु शिक्षा झाली म्हणून पेरणी साधत नाही. ज्याचा हंगाम हुकला, ज्याचे बैल वा दागिने मोडावे लागले, त्याचा खरा प्रश्न भरपाईचा असतो. ती कोणाकडून, किती व कोणत्या वाटेने मागता येते, याचा विचार पुढे केला आहे.

नुकसान नेमके कोणाचे?

या प्रश्नाचा उलगडा प्रथम केला नाही तर पुढची सारी खटपट आडवाटेस जाते. उदाहरणादाखल असे समजू की, तोतयाने एका खातेदाराच्या नावावर १,४०,००० रुपये उचलले. खातेदार पोलिसांकडे जाऊन म्हणतो, “माझे एक लाख चाळीस हजार गेले.” वस्तुतः ते पैसे त्याचे नव्हते. ते संस्थेचे होते आणि तोतयाने फसविले ते संस्थेस. ज्या कराराखाली ते दिले गेले त्यावर खातेदाराची सही नाही, त्याची संमती नाही. संमतीवाचून करार होत नाही आणि खोट्या सहीने ज्याचे नाव वापरले गेले तो त्या कराराने बांधला जात नाही, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. म्हणून ते कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. येथे पुष्कळ भोळे लोक एक घातक चूक करतात. बेअब्रू नको, जप्ती नको, अशा भीतीने ते एक-दोन हप्ते भरून मोकळे होतात. असा भरणा पुढे कर्ज कबूल केल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याच पुढे मांडला जातो. हप्ता भरू नये. भरावाच लागला तर हरकत राखून भरीत असल्याचे लेखी कळवून भरावा.

मग खातेदाराचे नुकसान काय? संस्थेने ते कर्ज त्याच्या नावावरून उतरविले तर १,४०,००० रुपयांची मागणी त्याला तोतयाकडे करता येणार नाही; ती संस्था करील. त्याचे स्वतःचे नुकसान निराळे आहे. पत अहवालात, ज्याला लोक ‘सिबिल’ म्हणून ओळखतात, थकबाकीची नोंद पडल्यामुळे त्याला पीककर्ज नाकारले गेले. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राच्या व राज्याच्या व्याज सवलतींमुळे व्याजाचा बोजा जवळजवळ राहत नाही. त्याऐवजी समजा त्याने सावकाराकडून १,००,००० रुपये दरमहा शेकडा २ रुपये दराने ८ महिन्यांसाठी घेतले, तर १६,००० रुपये व्याज पडले. ही रक्कम तोतयाच्या कृत्याचा थेट परिणाम होय. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी केलेल्या खेपा, बुडालेली मजुरी, वकिलाची फी, नकलांचा खर्च हेही नुकसानच. लोकांत झालेली मानहानी व मनस्ताप यांचीही भरपाई मागता येते, मात्र तिचा आकडा न्यायालयाच्या विवेकावर राहतो.

याउलट तोतयाने खातेदाराच्या बचत खात्यातूनच पैसे काढले असतील, तर ती रक्कम सरळसरळ त्याची स्वतःची असते आणि मुद्दल, व्याज व खर्च असे सर्व त्याला मागता येते. या दोन प्रकारांतील भेद अर्जात स्पष्ट असावा.

हंगाम हुकल्याने झालेली पिकाची तूट मागता येते काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. मागता येते, पण सिद्ध करणे कठीण जाते. पाऊस, कीड, बाजारभाव यांपैकी कशामुळे उत्पन्न घटले, असा वाद प्रतिपक्ष हमखास उभा करतो. ई-पीक पाहणीतील मागील वर्षांच्या नोंदी, बाजार समितीच्या व साखर कारखान्याच्या पावत्या आणि त्याच शिवारातील शेजाऱ्याचे उत्पन्न यांची तुलना मांडता आली तरच या मागणीत बळ येते. सावकाराच्या व्याजाची मागणीदेखील पावतीवाचून टिकत नाही. परवानाधारक सावकाराने पावती देणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे बंधनकारक आहे. वहीत केवळ खूण करून पैसे देणाऱ्या सावकाराचे व्याज न्यायालयात दाखविता येत नाही, आणि खेड्यात नेमके असेच व्याज अधिक भरले जाते.

पहिल्या काही दिवसांतील कामे

भरपाईचा पाया पहिल्या आठवड्यातच घातला जातो. पैसे इलेक्ट्रॉनिक मार्गाने गेले असतील तर १९३० या क्रमांकावर अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तात्काळ खबर द्यावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात व तेथून तिसऱ्यात घटका-दोन घटकांत सरकतो. जेथे तो अडविला जाईल तेथेच तो परत मिळण्याची आशा असते. एकदा रोकड काढली गेली की मागे उरतो तो कागदोपत्री हुकूमनामा. तोतयाकडून वसूल झालेल्या बहुतेक रकमा या वस्तुतः वाटेत अडविलेल्या रकमाच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या तासाचे मोल कळते.

त्याच दिवशी बँकेस लेखी कळवावे व पोच घ्यावी. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने जुलैमध्ये व्यापारी बँकांसाठी व डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल व ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर काहीही तोशीस पडत नाही. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतच नुकसान सोसावे लागते. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. मात्र खातेदाराने स्वतःच सांकेतिक क्रमांक परक्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते. असे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्यक्ष तक्रार करताना चालू नियम शाखेत विचारून घ्यावा. शिवाय बँकेच्या सेवेतील कसुरीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

आधारपत्र कोठे कोठे वापरले गेले याचा मागील ६ महिन्यांचा तपशील आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर खातेदारास पाहावयास मिळतो. सहा महिने उलटले म्हणजे तो तेथे दिसत नाही, म्हणून त्याची प्रत लागलीच काढून ठेवावी व बोटांच्या ठशांना कुलूप घालावे. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेतून कळते. अनेकदा तोतयाचा पहिला माग याच यादीत सापडतो.

पत अहवालाची दुरुस्ती हे याहून निकडीचे काम. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत व प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चोहोंकडून तो मागवावा, कारण एकीकडे दिसलेली खोटी नोंद दुसरीकडे असेलच असे नाही. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपयांप्रमाणे भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला असून तो एप्रिल २०२४ पासून अमलात आला. रक्कम मोठी नाही. पण तोतया सापडण्याची वाट न पाहता ती मिळते, आणि अर्जाची तारीख सिद्ध झाल्यावर ती मिळविण्यासाठी साक्षीपुराव्याचे प्रकरण करावे लागत नाही.

जमिनीच्या उताऱ्यावर खोट्या कर्जाचा बोजा चढला असल्यास निराळी निकड उत्पन्न होते. फेरफाराची नोटीस मिळताच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी हरकत घ्यावी. नोंद प्रमाणित होऊन गेली असल्यास अपिलाचा मार्ग राहतो, पण तो लांबचा. सहकारी संस्थेचे कर्ज असेल तर वसुली दाखला निघण्यापूर्वीच हरकत घेणे शहाणपणाचे होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील दाखला एकदा निघाला म्हणजे त्यावर फेरतपासणी मागणाऱ्यास वसुलीयोग्य रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याने एक रुपयाही घेतला नाही त्याने ७०,००० रुपये भरून मग आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे, ही अवस्था किती दुःसह आहे हे सांगणे नको.

फौजदारी मार्ग

तोतयेगिरी करून ठकविणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे व त्यास ५ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. खोटा दस्तऐवज करणे व तो खरा म्हणून वापरणे हे याखेरीज वेगळे गुन्हे आहेत. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, परवलीचा शब्द वा ओळखीचे विशेष चिन्ह लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ग खालील गुन्हा होय. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यास जुना भारतीय दंड संहितेचा कायदा लागतो. दुय्यम निबंधकासमोर जमीनमालक म्हणून तोतया उभा करून खरेदीखत नोंदविले असल्यास नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र तसे नोंदलेले खरेदीखत रद्द करून घेण्यास दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

फिर्याद नोंदविल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने ती नोंदविण्यास नकार दिल्यास पोलीस अधीक्षकाकडे टपालाने लेखी हकीकत पाठवावी व तरीही कार्यवाही न झाल्यास दंडाधिकाऱ्याकडे शपथपत्रासह अर्ज करावा. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस कळविणे पोलिसांवर आता बंधनकारक आहे.

भरपाईच्या दृष्टीने भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील दोन कलमे शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. पहिले कलम १०७. गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता तपासातच जप्त करून, न्यायालयाच्या आदेशाने ती जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत पीडितांत प्रमाणशीर वाटण्याची तरतूद त्यात आहे, व हे वाटप ६० दिवसांत व्हावयाचे असते. तोतयाने त्या पैशातून मोटारसायकल घेतली, प्लॉट घेतला, सोने घेतले, अशी माहिती गावात पुष्कळांना असते. पण ती चावडीवर बोलली जाते, तपास अधिकाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ती लेखी द्यावयास हवी. वाहनाचा क्रमांक, प्लॉटचा गट क्रमांक, पतपेढीतील ठेव, जे कळले ते सर्व लिहून द्यावे.

दुसरे कलम ३९५. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायालय दंडाच्या रकमेतून, आणि दंड नसला तरी स्वतंत्रपणे, आरोपीने पीडितास भरपाई द्यावी असा आदेश करू शकते. ‘करू शकते’ हे शब्द ध्यानात घ्यावे. जुन्या संहितेतही अशीच तरतूद होती व ती वर्षानुवर्षे बहुतांशी कागदावरच राहिली. २०१३ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, भरपाई द्यावी की नाही याचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने केलाच पाहिजे व त्याची कारणे नमूद केली पाहिजेत. तरीही मागणाराच गैरहजर असेल तर विचार तरी कशाचा व्हावा? खटला सरकार चालविते, फिर्यादी साक्ष देऊन घरी जातो, आणि शिक्षेच्या दिवशी त्याच्या व्याजाच्या पावत्या कपाटात असतात. सरकारी वकिलामार्फत नुकसानीचा तक्ता पावत्यांसह निकालापूर्वीच न्यायालयापुढे ठेवावा. भरपाई अपुरी वाटल्यास केवळ त्या मुद्द्यावर अपील करण्याचा हक्क पीडितास आहे.

अशा आदेशाची वसुली दंडाप्रमाणे होते. न्यायालय जिल्हाधिकाऱ्यास अधिपत्र पाठवून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे आरोपीच्या मालमत्तेतून वसूल करावयास लावू शकते. शेतसारा थकल्यावर काय होते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्या यंत्रणेची त्याला आजवर धास्ती वाटत आली, ती येथे त्याच्या बाजूने राबते. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीत स्वतः बेलिफाच्या मागे हिंडावे लागते, त्या मानाने हा मार्ग सोयीचा आहे.

कधी कधी आरोपी स्वतःच तडजोडीची भाषा काढतो. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, आरोपीने कबुली देऊन पीडितास भरपाई द्यावी व शिक्षेत सूट घ्यावी, अशी न्यायालयाच्या देखरेखीखालील वाटाघाटीची रीत कायद्यात आहे. तीत पैसा हाती पडण्याचा संभव अधिक असतो. परंतु चावडीवर कोऱ्या मुद्रांकावर लिहिलेली तडजोड करून फिर्याद मागे घेण्याचे वचन देऊ नये. पहिला हप्ता येतो, दुसरा येत नाही, आणि मधल्या काळात साक्षीदार फिरलेले असतात.

दिवाणी दावा आणि अधिनिर्णय अधिकारी

फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी न्यायालयात संभाव्यतेचे पारडे एका बाजूस झुकले तरी पुरते. म्हणून पुराव्याअभावी आरोपी सुटला तरी भरपाईचा दावा बुडत नाही. मुदत साधारणतः ३ वर्षांची असते व कपटाच्या प्रकरणात ती कपट उघडकीस आल्यापासून, अथवा वाजवी दक्षतेने ते उघडकीस आले असते तेव्हापासून, मोजली जाते. पत अहवाल प्रथम कोणत्या तारखेस पाहिला याला म्हणूनच महत्त्व आहे. एका घटनेपासून उद्भवणाऱ्या सर्व मागण्या एकाच दाव्यात कराव्या लागतात. व्याज आज मागू, मानहानीचे पुढे पाहू, असे केल्यास राहिलेली मागणी सोडून दिल्यासारखी होते. संस्थेने कर्ज उतरविले नसेल तर ‘हे कर्ज आपले नव्हे’ अशा घोषणेची मागणीही त्याच दाव्यात करून संस्थेस प्रतिवादी करावे. सहकारी संस्थेच्या व्यवहारासंबंधी दावा असल्यास निबंधकास दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते, आणि सभासद व संस्था यांच्यातील कित्येक तंटे दिवाणी न्यायालयात न जाता सहकार न्यायालयात चालतात.

प्रतिवादी कोणाला करावे यातच दाव्याचे अर्धे यश असते. तोतया बहुधा कफल्लक निघतो. पण ज्याच्या खात्यावर पैसे जमा झाले तो भाड्याचा खातेदार, ज्याने खोटी ओळख पटविली तो मध्यस्थ, ज्याने जामीनदार म्हणून सही केली तो इसम, ही माणसे बहुतेक तालुक्यातलीच असतात व त्यांना घरदार, जमीनजुमला असतो. कटात सामील असलेले सर्व जण संयुक्तपणे व पृथक्पणे जबाबदार धरले जातात. म्हणजे पाच जणांनी मिळून केलेल्या नुकसानीची सगळी रक्कम त्यांतील ऐपतदार एकाकडूनही वसूल करता येते.

व्यवहार संगणकाद्वारे झाला असल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली अधिनिर्णय अधिकारी नेमलेले आहेत. प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात. महाराष्ट्रात अर्ज मंत्रालयात, मुंबईस करावा लागतो. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मागण्या त्यांच्यापुढे चालतात व ज्या बाबी त्यांच्या अधिकारात येतात त्या दिवाणी न्यायालयास ऐकता येत नाहीत. अर्जाचा निकाल शक्यतो ४ महिन्यांत, व फार तर ६ महिन्यांत द्यावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात विलंब होतो, ही गोष्ट निराळी. या अधिकाऱ्यापुढे तोतयाबरोबर निष्काळजी बँकेस वा भ्रमणध्वनी कंपनीसही उभे करता येते, हा मोठा लाभ होय. २०१३ साली महाराष्ट्रातील अशाच एका प्रकरणात, पुण्याच्या एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाख रुपयांवर रक्कम गेली असता, बँकेने ४५ लाख रुपये द्यावे असा आदेश झाला होता. शहरातील उद्योजकांना ठाऊक असलेला हा मार्ग खेड्यात मात्र वकिलांनाही फारसा परिचित नाही.

पुराव्याविषयी दोन शब्द. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा उठवून घेतला, तो पुढे सही नाकारता येऊ नये म्हणून. त्याच विचारातून पुढे ठशांचे शास्त्र उभे राहिले व १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. ज्या अंगठ्याने शेतकरी बांधला जातो तोच अंगठा त्याला सोडवितोही. कर्जाच्या मूळ कागदपत्रांवरील अंगठा अथवा सही तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा अर्ज दावा दाखल होताच करावा व मूळ कागद संस्थेने न्यायालयात हजर करावे असा आदेश मागावा, कारण ‘मूळ फाईल सापडत नाही’ हे उत्तर अशा प्रकरणांत हटकून ऐकावयास मिळते. कर्जाच्या तारखेस खातेदार अन्यत्र असल्याचा पुरावा, जसे बाजार समितीतील काटापट्टी, दवाखान्याचा कागद वा रोजगार हमीच्या कामावरील हजेरी, हाही मोलाचा ठरतो. भ्रमणध्वनीवरील संदेश पुराव्यात द्यावयाचे असल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. तो संच विकू नये, बदलू नये.

खर्चाच्या धास्तीने दावा सोडू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लागता, आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्या इतरांनाही, तालुका विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो. ऐपत नसणाऱ्यास न्यायालय शुल्क न भरता दावा लावण्याची परवानगीही मागता येते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो.

हुकूमनामा झाल्यावर

तोतया मालमत्ता विकण्याच्या बेतात असल्याचे दिसले तर निकालापूर्वीच जप्ती मागता येते. त्यासाठी नुसती शंका पुरत नाही. विसार झाला, जाहिरात दिली, भावाच्या नावे बक्षीसपत्र केले, असे काही दाखवावे लागते. हे काम निकालावर टाकल्यास हाती येणारा हुकूमनामा शोभेचा राहतो.

प्रतिवादी शेतकरी असेल तर त्याची सर्वच मालमत्ता जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे उपजीविकेस लागणारी अवजारे, गुरे, बियाणे व राहते घर यांना संरक्षण आहे. हे संरक्षण ज्या सामान्य शेतकऱ्यासाठी केले गेले त्याचा लाभ लबाडासही मिळतो, ही खटकणारी गोष्ट खरी; तथापि त्याची जमीन, बँकेतील ठेव, वाहन व इतरांकडून येणे असलेल्या रकमा यांवर जप्ती आणता येते. ऐपत असूनही तो जाणूनबुजून पैसे देत नाही असे दाखविता आल्यास त्याला दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेश मिळू शकतो. परंतु तेथील त्याच्या निर्वाहाचा भत्ता हुकूमनामेदारानेच भरावयाचा असतो, हे कळल्यावर पुष्कळ जण तो विचार सोडून देतात.

निकालाच्या तारखेपासून पुढे रकमेवर न्यायालय व्याजही देऊ शकते. फौजदारी न्यायालयाने आधीच काही भरपाई देवविली असल्यास दिवाणी न्यायालय ती हिशेबात धरते. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. म्हणून मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती कोणत्या बाबीपोटी आहे हे तीवर लिहून घ्यावे, नाहीतर मानहानीपोटी मिळालेली रक्कम व्याजाच्या मागणीतून वजा होते. पैशाच्या हुकूमनाम्याची बजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. आज कफल्लक दिसणाऱ्या तोतयास त्या अवधीत वारसाहक्काने जमीन मिळू शकते, नोकरी लागू शकते, त्याच्या वाट्याची विहीर वा प्लॉट विकला जाऊ शकतो. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल सात-बाराच्या कागदांबरोबर जपून ठेवावी आणि दर वर्षी त्याच्या गावचा आठ-अ काढून पाहावा.